पुढचे दोन टायर

चारही टायर नवे का घेतले नाहीत म्हणून विचारशील, तर पैसे नव्हते म्हणून. झालं. आता त्यावर कीस काढू नको. तू विचारलेलं नाहीस हे मला कळतं, आये. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, विचारणार कुठून? आणि तू तर तेव्हा तिथंच दुकानात होतीस, डोक्यावर मासळीची रिकामी पाटी घेऊन. पण काल नातवाबरोबर त्याच्या गाडीचे टायर घ्यायला गेलो. तो नुसती चकाकी बघत होता. मी आतून बघायला सांगितलं तर म्हणतो, आजोबा, तुम्हाला कोणी शिकवलं हे? उत्तर न ऐकताच पुढच्या दुकानात गेला. ते एक बरं झालं, कारण माझ्या तोंडातून उत्तर आलंच नसतं. म्हणून हे लिहितोय. चौथीत शाळा सुटली, तेव्हा अक्षर बघू नको. तुला वाचता येत नव्हतं, तेवढीच सोय.

धाकट्या खोतांची ती गाडी आठवते ना? दोनच माणसांची, वर टप नाही, तारांची चाकं. मुंबईच्या कुणा गोऱ्याकडून घेतलेली. शर्यतीत पळवायची गाडी, आणि इथं पळवणार कुठं, तर जांभ्याच्या धुरळ्यात. गाडी घेताना खोतांचा हात सैल सुटला, टायरांची वेळ आली तशी मूठ आवळली. त्यातून आठ दिवसांनी आंबा घाटानं कोल्हापूरला जायचं ठरलेलं. आधीच्या ड्रायव्हरचा टायर फुटला, गाडी दगडी गडग्याला घासली, त्याच दिवशी त्याला घरी धाडला. त्याच्या जागी मला लागून तीन महिने झालेले. खोत म्हणाले, "एवढ्या पैशात बसव. टायर तूच निवड. फुटला तर तूही चालू लाग."

दुकानात दोनच सोयी होत्या. तेवढ्या पैशात दोन कोरे नवे, नाहीतर चार वापरलेले, पण काळेभोर, नक्षी उठून दिसणारी, हात लावला तर बोट काळं होईल असे. मी चारांवर भाळलो होतो. चारी चाकं सारखी दिसतील, खोत खूश होतील, एवढंच डोक्यात. तेवढ्यात बाजार उरकून तू रस्त्यानं जाताना मला बघितलंस आणि आत आलीस. दुकानदारानं नाकाला रुमाल लावला. "ही कोण?" मी म्हटलं, "आमची आई." ते तरी खरं बोललो.

तू पाटी खाली ठेवलीस आणि उकिडवी बसलीस. एक टायर पुढ्यात ओढून दोन्ही हातांनी त्याची कड फाकवतेस, सुरमईचे कल्ले उघडून बघावेत तशी. दुकानदार हसतो. "मावशे, हा बांगडा नव्हे."

"नव्हेच. बांगड्याला रंग फासता येत नाय."

आणि मला म्हणालीस, "वरून काय बघतोस मेल्या? आत बोट घाल." मी घातलं. आतलं कापड कुजलेलं, धागे बोटाला चिकटून आले. दुसऱ्यात तेच. तिसरा दुकानदारानं उघडूच दिला नाही. तू उठलीस, पदराला हात पुसलेस आणि हळूच म्हणालीस, "रंग बघून एकदा फसलो आपण." एवढंच. बाबा ज्या होडीवर खलाशी म्हणून गेले आणि परत आले नाहीत, तिला त्याच हंगामात नवा रंग दिला होता. आतल्या फळ्या कोणी बघितल्या नव्हत्या. त्या दिवसापर्यंत तू त्याबद्दल माझ्याशी कधी बोलली नव्हतीस, नंतरही नाही.

मी दोन नवे घेतले. मागं घालणार होतो, जोर मागच्या चाकांवर असतो म्हणून. तू म्हणालीस, "पुढं घाल. वाट काढणारा धड हवा. मागचा फरफटत का होईना, येतो." गाडीतलं तुला काय कळत होतं? कधी बसलीही नव्हतीस. पण तुझ्याशी वाद घालायला वेळ कुणाला होता? घातले पुढं, मागं जुनेच राहिले.

कोल्हापूरहून परतताना घाट उतरतोय, शेजारी खोत. वळणावर मागचा जुना टायर फुटला. बंदुकीसारखा आवाज. गाडीची शेपूट दरीकडे गेली, खोतांची टोपी उडून खाली गेली ती गेलीच. पण पुढची दोन चाकं धरून राहिली. हातातलं सुकाणू थरथरत होतं, सुटलं नाही. गाडी थांबली तेव्हा मागचं चाक कडेपासून वीतभर. खोत उतरून ते चाक बघून आले. मग म्हणाले, "पुढचा फुटला असता तर?" मी म्हटलं, "पुढचा नवा आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला अंगणात बोलावलं. चार माणसं होती. तूही होतीस, पडवीच्या पायरीशी, त्यांच्याकडे मासळी द्यायला आलेली. खोतांनी आपला लोकरी कोट काढून माझ्या हातात दिला. "टायर पारखायची आणि नवे दोन पुढं घालायची अक्कल कोणाची रे?"

मी म्हटलं, "माझी."

तू दहा हातांवर उभी. मला वाटलं, आता हसशील, नाहीतर निमूट निघून जाशील. तू सुरमई पाटीत फिरवलीस आणि मोठ्यानं म्हणालीस, "लहानपणापासनं हुशार हो तो! बापावर गेलाय." सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर कोटाचं तुटलेलं बटण तू लावून दिलंस, दातानं दोरा तोडलास आणि म्हणालीस, "पाठीत जरा ढगळ आहे. होईल बरोबर." टायरांचं नाव काढलं नाहीस. मी वाट बघत होतो, तू काढशील म्हणून. काढलं असतंस तर मी भांडलो असतो, आणि मोकळा झालो असतो.

तो कोट मी विरेपर्यंत वापरला. पाठीत कधीच बरोबर झाला नाही. ड्रायव्हर म्हणून गावात नाव झालं ते त्या घाटापासून, आणि दर वेळी कोणी विचारलं की मी तेच सांगत आलो.

तुझी होती अक्कल. आता झालं ना समाधान? यापुढे एक अक्षर लिहिणार नाही.