भुशाची पिशवी पेटली

अहो,

आल्याबरोबर मशीन सुरू करू नका. तुमचा फोन लागून नाई राह्यला, म्हणून लिहून राह्यली.

सकाळी रंध्याच्या पात्याले धार लावून तुम्ही चंद्रपूरले गेले. ते ग्राइंडर काऊन जोडलं भुसा ओढायच्या पाइपले? ठिणगी पाइपातून पिशवीतल्या भुशात ओढल्या गेली असन. मंग मी स्टुलाचे पाय घासाले बसली, तवा भुसा ओढायचा पंखा सुरूच होता. तिकडे पिशवी आतून जळून राह्यली होती. बाहेर ओली होते म्हणून तुम्ही ती बाबाच्याच खोलीत टांगली, खाटेच्या उशाशी. त्यायले तर कूस बदलाले माणूस लागते.

पिशवी अंगणात ओढून मी तिच्यावर बादल्या ओतल्या. विझली वाटते, तरी तुम्ही अजून पाणी टाका. पुढं पिशवी बाहेरच, टिनाखाली लावा. ग्राइंडर वेगळं ठेवा.

बाबाले धूर लागला. ऑटोनं बल्लारपूरच्या सरकारी दवाखान्यात नेऊन राह्यली. तुम्ही सीधे तिथीच या.

बाबाचा आवाज पुरा बसला आहे. पंख्याच्या आवाजात मले काहीच ऐकू आलं नाई. किती वेळ हाका मारत होते, हे विचाराची माही हिंमत नाई.

रंजीता