बाइंडरच्या घरातलं शास्त्र

पप्पा, तुमचं शास्त्र, ते जुनं बायबल, चर्चमधल्या काचेच्या कपाटात ठेवायचं म्हणताहेत. परवा चर्चचे पाळकसाहेब विश्रांतवाडीला आताच्या घरी आले होते. चहा घेताघेता म्हणाले, "बाई, तुमच्या वडिलांसारखा वचनाचा मान राखणारा माणूस आता मिळायचा नाही. रविवारी दोन शब्द तुम्हीच बोला." मी बिस्किटांची बशी पुढे केली आणि आत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

मान तुम्ही राखायचात, ते खरंच. छापखान्याच्या बाइंडिंग खात्यातून सायकलवर नाना पेठेत घरी आलात की आधी नखांतली खळ साबणाने काढायची, मगच शास्त्राला हात लावायचा. त्याच्यावर चष्मासुद्धा ठेवलेला चालायचा नाही. एकदा मी त्यावर कंपासपेटी ठेवली, तर तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "वा! देव बोलतोय, त्याच्या तोंडावर पेटी? आता आपणच बोला बाईसाहेब, तो ऐकून घेईल." त्या रात्री मला जेवण गेलं नाही. शनिवारी मी तुमचा डबा घेऊन छापखान्यात यायची. तुम्ही नवं कोरं पुस्तक हातात द्यायचात आणि सांगायचात, "एकदम मधून उघडायचं नाही. पुढून चार पानं, मागून चार पानं, अशी सैल करत आत यायचं. घाई केलीस तर एका जागी पाठ मोडते, आणि मग ते जन्मभर तिथंच उघडतं." मॅट्रिक झाले तेव्हा तुम्ही मला तुमच्यासारखीच हाडाची पट्टी दिलीत, घड्या दाबायची, गुळगुळीत. कुणा मुलीला बापाने असली भेट दिली नसेल. मला तिचा केवढा अभिमान होता!

मग मिरजेहून नर्सिंगला प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं. आईचा उजवा हात त्याच वर्षी लुळा पडला होता. भाकरी मी थापायची, तिची वेणी मी घालायची. पत्र वाचून तुम्ही घडी घातलीत आणि म्हणालात, "मी कोण सांगणार? ज्याने जन्म दिला त्यालाच विचारू." आपल्याकडे मोठा प्रश्न आला की शास्त्र आपोआप उघडू द्यायचं, निघेल ते वचन देवाचं उत्तर. त्या संध्याकाळी उपासनेनंतर तुम्ही टेबलावर पांढरं कापड अंथरलंत, शास्त्र पाठीवर उभं धरलंत, डोळे मिटलेत आणि दोन्ही हात सोडून दिलेत. पानं दोन्हीकडे पडली. दहा आज्ञांचं पान निघालं आणि तुमचं बोट आईबापांचा मान राखायच्या आज्ञेवर टेकलं. तुम्ही ती मोठ्याने वाचलीत. आई म्हणाली, "आमेन." दुसऱ्या दिवशी मीच मिरजेला नकार कळवला. पुढची सगळी वर्षं मी शाळेच्या कचेरीत टाइपरायटर बडवला आणि घरी तुमचं दोघांचं केलं.

तुम्ही गेल्यावर कपाट आवरताना ते शास्त्र मी सहज उभं धरून सोडलं. तेच पान. पुन्हा सोडलं. तेच पान. पानाच्या मुळाशी पट्टीने दाबलेली सरळ रेघ होती, बोट फिरवलं की लागायची. वाचून वाचून पुस्तक असं मोडत नाही, हे मला तुम्हीच शिकवलेलं. मला किळस आली, पप्पा. अजून येते. साबणाने धुतलेल्या त्याच हातांनी तुम्ही हे केलंत, आणि वर डोळे मिटलेत! बाप म्हणून सरळ "जाऊ नकोस, पोरी, आम्हाला जमणार नाही" म्हणायचं होतं. मी रडले असते, भांडले असते, कदाचित राहिलेही असते. पण तुमची स्वतःची गरज तुम्ही देवाच्या तोंडी घातलीत. कंपासपेटीवरून मला उपाशी झोपवणारा माणूस तो! त्यानंतर कितीतरी वर्षं वचन ऐकताना माझं अर्धं लक्ष पुस्तक कुठून मोडलंय तिकडेच असायचं. देव बोलत असेल तरी मला ऐकू आलेला नाही.

हेच रविवारी सगळ्यांसमोर वाचून दाखवावं म्हणून लिहायला बसले होते. पण तुम्ही खोटं बोललात असं लिहिताना मीही वर एक खोटं लिहिलंय, ते खोडलं पाहिजे. ती रेघ मला तुम्ही गेल्यावर दिसली नाही. त्याच संध्याकाळी दिसली. तुमचं बोट ओळीवर होतं आणि मी पानाच्या मुळाशी बघत होते. बाइंडरची मुलगी, दुसरीकडे कुठे बघणार? "पप्पा, पुन्हा एकदा उघडा," एवढंच म्हणायचं होतं. तुमची हिंमत झाली नसती. पण मला रक्त बघितलं की घेरी यायची, मिरजेत ओळखीचं कुत्रंही नव्हतं, आणि परत आले असते तर लोक हसले असते. देवानेच अडवलं म्हटल्यावर कोण हसणार? तुमच्या लबाडीत मला लपायला जागा मिळाली आणि मी मुकाट्याने आत शिरले. वर इतकी वर्षं शिव्या मात्र तुम्हाला एकट्याला घातल्या.

रविवारी मी शास्त्र देऊन येईन, बोलणार काही नाही. हा कागद त्याच पानात ठेवणार होते, पण नको, काचेतून दिसेल. आणि पप्पा, त्या संध्याकाळी आई आमेन म्हणाली, ते माझं ऐकून. आधी मी म्हटलं होतं.