अण्णांचा उकिरडा

घाटनांदूर,
१२ एप्रिल २०२५

चि. दिपालीस,
आशीर्वाद. थोरला हाय म्हणून द्यावा लागतो.

फोन तुझा उचलणार न्हाई, म्हणून लिहितो. अण्णांचं वर्षश्राद्ध झालं. सगळी भावकी जेवून गेली आन जो तो विचारत होता, पोरगी कावून आली न्हाई. काय सांगू? तिचे जंतू पुण्यात उपाशी राहतात म्हणून? माय दिवसभर दारापुढच्या सपरात बसून राहिली, घास तोंडात घातला न्हाई.

आन दुसऱ्या दिवशी तुझा फोन. मला वाटलं, रडशील. तू म्हणालीस, दादा, उकिरडा उपसू नको. अगं, लाज कशी वाटली न्हाई? बापाचं नाव न्हाई, मायची चौकशी न्हाई, काळजी कशाची तर शेणाची! पुढल्या रविवारी, वीस तारखेला, ट्रॅक्टर लावलाय. सगळं खत कापसाच्या रानात जाणार. तू तुझे जंतू सांभाळ, आमी आमचं रान सांभाळतो.

लोभ ठेवायचा का न्हाई, तुझं तूच बघ.

उत्तरेश्वर


पुणे,
१६ एप्रिल २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

राग काय तुला एकट्यालाच येतो? हे जंतू मला कुणी काढून दिले, विसरलास? मी म्हणाले होते, आतलं शेणखत पाहिजे, हात ठरत नाही तिथलं. अण्णांनी कोपरापर्यंत हात घातला, पोळून घेतला आणि हसत म्हणाले, घे तुझे पाहुणे.

त्या पाहुण्यांना मी इथे प्रयोगशाळेत, नळीतल्या कढत पाण्यात वाढवते. रोज थोडे उचलून ताज्या खाण्यात घालायचे, हळूहळू उष्णता वाढवायची. सोसेल तो जगतो, त्याचीच पिलावळ पुढे चालते. अण्णांच्या दहाव्याला आले तेव्हा सोबतच्या मुलाच्या हवाली करून आले होते. त्यानं खाडा केला आणि कित्येक महिन्यांचं काम बुडालं. पुन्हा असं झालं तर जागा दुसऱ्याला देईन, असं सरांनी तोंडावर सांगितलंय. म्हणून आले नाही. हौस म्हणून नाही.

त्यात गेल्या महिन्यात इथला फ्रीजर बंद पडला. अण्णांनी काढून दिलेले मूळचे जंतू त्यात राखून ठेवले होते, ते मेले. आता माझे जंतू बदललेत हे मी कशाशी ताडून दाखवू? त्यांचे भाऊबंद फक्त आपल्या उकिरड्यात आहेत. तो उपसलास तर माझं शिक्षणही त्याच ट्रॉलीत भरून ने.

आणि रडण्याचं म्हणशील, तर रोज सकाळी ती नळी हातात घेताना मला कुणाची आठवण येते, ते भावकीला सांगायची मला गरज नाही.

माझ्यावर लोभ नसला तरी चालेल, उकिरडा असू दे.

दिपाली


घाटनांदूर,
२१ एप्रिल २०२५

चि. दिपालीस,
आशीर्वाद. राग गेला न्हाई, आधीच सांगतो.

तुझं पत्र शनिवारी आलं. वाचलं आन कोनाड्यात फेकलं. लई शहाणी झाली, म्हणालो. रविवारी ट्रॅक्टर आला. वरचा थर निघाला, मधात फावडं गेलं तशी वाफ आली. माय रोज त्यावर शेण टाकती, ऊन वाढलं की पाणी मारती, अण्णा करायचे तसंच. मला ते कधी दिसलंच न्हाई.

मी हात घातला. कावून घातला, सांगता येत न्हाई. असा पोळला की चटकन ओढला, आन डोळ्यात पाणी आलं. ट्रॅक्टरवाला परमेश्वर म्हणाला, दवाखान्यात चला. त्याला अर्ध्या ट्रॉलीवर वापस धाडलं, तर बडबड करत गेला.

अर्धा उकिरडा ठेवलाय. पण डबीत भरून पाठवणार न्हाई, सांगून ठेवतो. तू स्वतः ये आन स्वतःचा हात घाल. माय म्हणती, दिपाली आल्याबिगर घरात पुरण शिजणार न्हाई.

जंतू कुणाच्या हवाली करू, म्हणशील. कुणाच्याच करू नको. थर्मासात घालून घेऊन ये. त्यांचंबी गाव हेच हाय.

तुझा रागावलेला,
दादा