मळलेले मोजे

रविवार, ७ सप्टेंबर

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून कान धरतो. दुकानात चौदा घड्याळं उघडी पडली आहेत आणि हात दोनच. बाकी आम्ही बापलेक ठीक.

बातमी अशी, की काल आपल्या खारूने दोन गोल केले. हल्ली दर शनिवारी तीनला मी दुकानाला कुलूप लावतो, ‘घड्याळजी सहा वाजता येतील’ अशी पाटी अडकवतो आणि शाळेच्या मैदानावर जातो. खारूची आई होती तोवर एकदाही गेलो नाही. ती जायची आणि जेवताना मला सगळा सामना सांगायची. आता सांगणारं कोणी नाही, म्हणून बघायला जावं लागतं.

मी मैदानाच्या कडेला बांधलेल्या दोरीच्या अगदी टोकाला उभा राहतो. बाकीचे आईबाप मधोमध घोळका करून असतात, त्यांच्यात काय बोलावं ते मला सुचत नाही. पण लाल सदरे मैदानात उतरले की पाठीवरचा नऊचा आकडा मी बरोबर हेरतो. तेच बारीक कापलेले केस, तीच पळायची घाई. मी हात हलवतो आणि ती धावता धावता हात वर करते. अक्का, आठवडाभरात तेवढा एकच क्षण असा असतो, की कोणीतरी मला ओळखतं असं वाटतं.

घरी आल्यावर तिचे मोजे मी स्वतः घासतो. नुसती माती. तिने नको म्हटलं, तर मी म्हणालो की गोल तुझ्या पायांनी केले, माझ्या हातांना एवढं तरी करू दे. त्यावर ती आत निघून गेली. हल्ली बोलतेच कमी. दमत असेल.

लोभ आहेच, तो शनिवारी दुपारी थोडा जास्त असू द्यावा.

तुझा,
भाऊ


बुधवार, १० सप्टेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न.

बाबांनी तुला दोन गोलांचं लिहिलं असेल. ते मी केले नाहीत.

महिन्यापूर्वी खेळाच्या बाईंनी मला राखीव केलं. मी लवकर दमते आणि बॉल वेळेवर सोडत नाही, असं त्या म्हणाल्या. खरं तर त्यांचं बरोबरच आहे. माझा नऊ नंबर एका नव्या मुलीला मिळाला. ती वसतिगृहात राहते, आईवडील कुठे लांब कामाला असतात, तिला बघायला कधी कोणी येत नाही. तिचे केसही माझ्यासारखेच कापलेले आहेत. पहिल्या शनिवारी बाबांनी तिला हात हलवला, तेव्हा तिने आधी मागे वळून बघितलं. मागे कोणीच नव्हतं, मग हात वर केला. आता ती सामना सुरू व्हायच्या आधीच दोरीच्या टोकाकडे बघते.

मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण फाटकापाशी बाबा इतके खुश होते, की आई गेल्यापासून मी त्यांना तसं बघितलंच नव्हतं. मला तोंड उघडता आलं नाही. तेव्हापासून सामना संपला की मी नळावर जाते, सदरा बदलते, केस ओले करते आणि गुडघ्यांना, मोज्यांना माती फासते. घरी ते मोजे घासत बसतात आणि मी आत उशीत तोंड खुपसते. आत्या, मला रागही येतो. बापाला आपली मुलगी ओळखू येऊ नये? मी बाकावरून त्यांच्याकडे बघत असते आणि ते तिच्याकडे.

पण सांगितलं तर ते येणं बंद करतील. शनिवारीसुद्धा त्या टिकटिकाटात एकटेच बसून राहतील. तू सांगू नकोस, तुला माझी शपथ आहे.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी लबाड,
खारू


सोमवार, १५ सप्टेंबर

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. कान सोड, उशीर माफ.

मला एक सांग, तुला समोरून येणाऱ्या बसची पाटी वाचता येते का? खारूची आई होती तेव्हा पाटी तीच वाचायची, तू तिचं कोपर धरून खुशाल चढायचास. तुमच्याकडे राहायला आले होते तेव्हा हे मी बघितलं होतं आणि मनात हसले होते. लांबचं तिने बघायचं, जवळचं तू, असा तुमचा संसार छान चालला. आता तिचा वाटा रिकामा आहे आणि तू नुसता अंदाजाने चालतो आहेस. तीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसलास, त्यात काय उरलं असेल देव जाणे. मुकाट्याने डोळे तपासून घे आणि चष्मा लावूनच मैदानावर जा. मी वॉर्डातली सिस्टर आहे, भल्याभल्यांना गोळ्या गिळायला लावल्या आहेत. माझ्याशी हट्ट चालणार नाही.

खारूचंही पत्र आलं. तिचा तुझ्यावर फार जीव आहे, एवढंच लिहिते. मी ड्यूटीवरून आले की तुमची पत्रं पुन्हा वाचते. खोलीत दुसरं कोणी बोलत नाही.

दोघं एकमेकांना सांभाळा, मला त्यातलं थोडं पाठवत जा.

तुझी,
अक्का


रविवार, २८ सप्टेंबर

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

चष्मा शुक्रवारी मिळाला. डॉक्टरांनी विचारलं, की इतकी वर्षं रस्ता कसा ओलांडलात. मी म्हटलं, बायको होती. ते हसले. मी विनोद केला नव्हता.

बाहेर आलो तर झाडाला सुटी सुटी पानं. समोरच्या गच्चीवरच्या कपड्यांना लावलेले चिमटेसुद्धा दिसले. काल मुद्दाम लवकर मैदानावर गेलो. म्हटलं, आज खेळताना पोरीचा चेहरा दिसेल.

नऊ नंबरची मैदानात आली आणि दोरीकडे वळली. अक्का, ती आपली खारू नव्हती. गोल चेहऱ्याची, एक दात पुढे आलेली, कोणाची तरी गोड मुलगी. माझ्या हाताची वाट बघत थांबली होती. मी हात हलवला. तिचं काय चुकलं होतं? तिने नेहमीसारखा हात वर केला आणि पळाली.

खारूला शोधायला वेळ लागला नाही. बाकाच्या शेवटी बसली होती. सगळे चेंडूकडे बघत होते, ती एकटी माझ्याकडे. किती शनिवार अशी बघत असेल? मोजे पांढरेशुभ्र होते. तेव्हा मला त्या मातीचा उलगडा झाला आणि सगळ्या आईबापांसमोर मला रडू आलं. तुला ठाऊक होतं ना? मी रागावलेलो नाही.

मग मी बाकाकडे हात हलवला. तिने मागे वळून पाहिलं. मागे शाळेची भिंत होती. थोड्या वेळाने तिने हात वर केला, खांद्याइतकाच.

सामना संपल्यावर ती नळाकडे गेली नाही. आम्ही घरी निघालो. कोपऱ्यावर तिने विचारलं, की मी बाकावरच बसणार असले तरी याल का. मी म्हटलं, दुकानाची पाटी आता रंगवून घेतली आहे, दर शनिवारी लागणार. मग मी भीत भीत विचारलं, की त्या नऊ नंबरच्या मुलीलाही हात हलवला तर चालेल का. तिने बराच विचार केला आणि सांगितलं, की हलवा, पण आधी मला.

घरी आल्यावर सवयीने मोजे घासायला घेतले. स्वच्छ होते. तरी घासले.

लोभ असाच राहो, आता तो लांबूनही दिसतो.

तुझा,
भाऊ