पट्टी काढलेली बॅटरी

महाळुंगे पडवळ, ता. आंबेगाव
१४ डिसेंबर २००९

प्रिय गोरख,

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहिते आहे. फाडून टाकायचं झालं तरी पत्र आधी हातात घ्यावं लागतं. आणि पाकिटावरचं अक्षर तू ओळखशीलच, ते गिरवूनच तू लिहायला शिकलास. आई मजुरीला गेली की तुला कडेवर घेऊन मी शाळेत जायचे. बाई वर्गात घ्यायच्या नाहीत, तर व्हरांड्यात तुला मांडीवर घेऊन बसून धडा ऐकायचे. तुला हे आठवायचं कारण नाही. मला मात्र हल्ली फार आठवतं, आणि आठवलं की राग येतो. पूर्वी हसू यायचं.

रेडिओचे संपलेले सेल तू पत्र्यावर उन्हात वाळत घालायचास. मग संध्याकाळी ते घालून रेडिओ थोडा वेळ कुरकुरायचा आणि तू अख्ख्या आळीला सांगत सुटायचास, "आमी मेलेलं सेल जित्तं केलं." आप्पा तेव्हा म्हणाले होते, हा पोरगा काहीतरी करणार. तू ओतूरला एसटी स्टँडसमोर मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलंस, तेव्हा सगळ्यांत जास्त पेढे मी वाटले. माझ्या सासरी आजही लोक मला दुकानवाल्या गोरखची बहीण म्हणून ओळखतात.

इकडची खुशाली सांगते. अक्षदा दहावीला आहे, अभ्यासात बरी आहे. मी मंचरला कांदा निवडायला जाते. तुझे दाजीही माझ्याबरोबर मंचरला येतात, तिथे एका हार्डवेअरच्या दुकानात बसतात. गिऱ्हाईक आलं की कुठल्या दाराला कुठली बिजागरी लागेल ते सांगतात. दाखवायला वस्तू उचलावी लागली तर डाव्या हाताने उचलतात. उजव्या हाताची तीन बोटं तळव्याला चिकटल्यासारखी आत वळली आहेत. डॉक्टर म्हणाले, चामडी आखडली. सकाळी अक्षदा त्यांच्या शर्टाची बटणं लावते आणि ते तिच्या डोक्यावरून पलीकडे, भिंतीकडे बघत राहतात. ज्या सुताराने मंचरपासून नारायणगावपर्यंत किती स्वयंपाकघरं उभी केली, त्याला पोरीसमोर छाती पुढे करून उभं राहावं लागतं. तू हे बघितलेलं नाहीस. दवाखान्यानंतर तू आमच्या घरी आलाच नाहीस.

ते ड्रिल घेतलं त्या दिवाळीची गोष्ट तुला माहीत आहे, तरी लिहिते. तेव्हा दिवसाचे बारा-बारा तास लाइट नसायची. बंगल्याचं काम घ्यायचं आणि साइटवर विडी ओढत लाइटची वाट बघत बसायचं, असं चाललं होतं. मग हे पुण्याहून बिनवायरीचं ड्रिल घेऊन आले. लिथियमची बॅटरी, हातात धरली तर पपईएवढीही जड नाही. त्यांनी अंगणात फळीला स्क्रू मारून दाखवला तर शेजारचे कुशाबा म्हणाले, "राव, हे तर लोणी कापल्यावानी चाललंय!" लाइट असो-नसो, काम थांबेना. घाटघरचा चिमाजी तेव्हा यांच्या हाताखाली शिकायला होता. दोघं सकाळी निघायचे ते अंधार पडल्यावर शिट्टी वाजवत परतायचे. माझ्या संसारातलं ते सगळ्यात चांगलं वर्ष होतं. आधीचंही कुठलं त्याच्या जवळपास येत नाही.

वर्ष-सव्वा वर्षात बॅटरीने मान टाकली. कंपनीची नवी मागवू, असं हे म्हणत होते. तू संक्रांतीला आला होतास. म्हणालास, "दाजी, मी असताना नवी कशाला? सेल बदलून देतो, आधीपेक्षा जास्त चालंल." जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल तू पिशवीतून आणले होतेस. माझ्याच ओट्यावर बसून तू बॅटरी उघडलीस, मी तुला चहा दिला. सेलांवर एक हिरवी पट्टी होती. हे म्हणाले, "ही राहू दे की." तू म्हणालास, "ही पट्टी मधीच करंट तोडती. जरा तापलं की बंद. बिनकामाची हाय." आणि चिमट्याने उपटून तू ती अंगणात फेकलीस. कंपनीचा चार्जर मग त्या बॅटरीला घेईना, तर तू दुसऱ्या दिवशी तुझ्या दुकानातला एक चार्जर पाठवून दिलास. तूच पाठवलास, गोरख. हे वाक्य मी मुद्दाम दोनदा लिहिते आहे. चार्जर तूच पाठवलास.

माघातल्या त्या दिवशी दहाच्या सुमाराला लाइट आली. लाइट आली की सगळं गाव एकदम जे ते लावतं, तशी मीही मोटार लावली, यांनी बॅटरी लावली. मी मागे भांडी घासत होते. नेलपॉलिशसारखा गोडसर वास आला. यांनी हाक मारली, "शीला, बाहेर हो!" मी धावत आले तर बॅटरी फुगून फसफसत होती. शेजारी प्लायवूडची थप्पी, पॉलिशचे डबे आणि आतल्या खोलीत अक्षदा तापाने झोपलेली. यांनी पिन ओढली आणि बॅटरी उचलून दाराकडे पळाले. उंबऱ्यात ती त्यांच्या हातात फुटली. पांढरा धूर, ठिणग्या, आणि विझता विझेना. त्यांनी ती तरीही अंगणापर्यंत नेली. सोडली नाही, कारण सोडली असती तर ती घरात पडली असती.

आम्ही दवाखान्यात होतो तेव्हा तू आमच्या घरी आलास. हे मला कुशाबांच्या सुनेने सांगितलं. कौतुकाने सांगितलं, "वैनी, तुमचा भाऊ लई मायेचा. सगळं झाडून काढलं, अंगण पाण्यानं धुतलं, एक काळी कांडी ठिवली न्हाई." मी तिला काय सांगणार? घरी येऊन बघितलं तर बॅटरीचा तुकडाही नव्हता. चार्जरही नव्हता. नंतर ओतूरहून बातम्या येऊ लागल्या. दाजींनी भलताच चार्जर लावला. दाजींनी थिनरच्या डब्याजवळ बॅटरी ठेवली. दाजी आदल्या रात्री प्यायले होते. तुझ्या दाजींनी आयुष्यात कधी थेंब घेतला नाही. तू त्यांच्या ताटाला ताट लावून जेवलायस, तुला ठाऊक आहे.

मी आईला खरं सांगितलं. आई म्हणाली, "शीले, तुझ्या नवऱ्याचा हात गेला, आता माझ्या पोराचं दुकान घालवू नको." तिच्याकडे मी तेव्हापासून गेले नाही. तिला शिव्या देता येत नाहीत आणि मिठीही मारता येत नाही, तर जाऊन करू काय? पण आईपेक्षा जास्त मला यांनी छळलं. हे म्हणतात, "माझंच चुकलं असंल. मी प्लायवूडजवळ लावायला नको व्हती. गोरख मुद्दाम थोडंच करंल?" हात गेलेला माणूस तुझी बाजू घेतो. जेवताना डाव्या हाताने घास सांडतो आणि वर विचारतो, गोरखचं दुकान बरं चाललंय ना? त्या वेळी मला त्यांचाही राग येतो, आणि मग रात्रभर त्या रागाची लाज वाटते.

एवढ्यावर मी गप्प राहिले असते. गेले दहा महिने राहिलेच आहे. तुझ्या दारात मी भांडायला आले नाही, पोलिसांत गेले नाही. त्यांचा हात तर परत येणार नव्हता.

परवा चिमाजीच्या मुलाच्या बारशाला घाटघरला गेले होते. तुझे दाजी आले नाहीत, हात लोकांपुढे न्यायला ते तयार होत नाहीत. जुन्नरहून एसटीने पोचायला दुपार झाली. बायका पाळण्याची तयारी करत होत्या, चिमाजीची बायको भागू बाळाला झोळीत टाकून चुलीपाशी गेली होती. मी बाळाला बघायला वाकले आणि मला तो गोडसर वास आला. झोळीच्या खालीच, भिंतीला टेकवून, काळी चिकटपट्टी गुंडाळलेली बॅटरी चार्जिंगला लावली होती. हात लावला तर तव्यासारखी तापलेली. मी पिन उपटली, फडक्यात धरून बॅटरी बाहेर खाचरात फेकली. चिमाजी धावत आला. म्हणाला, "आक्का, काय झालं? गोरखभाऊंकडून दिवाळीत सेल भरून आणली. पट्टी काढून दिली, म्हणाले आता मधी बंद पडायची न्हाई. दाजींच्याला पण अशीच दिली व्हती म्हणं, त्यांनी भलता चार्जर लावला म्हणून फुटली." आणि हसून पुढे म्हणाला, "आमच्या वाडीतच चौघांनी आणल्यात."

दिवाळीत, गोरख. माघात तू माझ्या घरातली राख स्वतःच्या हाताने धुतलीस, आणि दिवाळीत तेच चिमाजीला दिलंस. पहिल्या वेळी तुला कळलं नव्हतं, असं मी मनाला सांगत होते. तुझ्यासाठी मी एवढीच एक जागा ठेवली होती, ती आता उरली नाही.

त्या वाडीतल्या चौघांना मी सांगून आले आहे. एकाने ऐकलं, तिघं म्हणाले, "बाई, तुमचं घरचं भांडण आमच्यात आणू नका." तुझं नाव मोठं आहे, माझं कोण ऐकणार? म्हणून हे पत्र. कुणाकुणाला बॅटऱ्या भरून दिल्यास ते तुला माहीत आहे. तू स्वतः जा, दारोदार जा, काय बोलायचं ते बोल, खोटं बोललास तरी चालेल, पण त्या बॅटऱ्या परत घे. मी आठ दिवस थांबते. त्यानंतर तुझ्या दाजींना घेऊन मी ओतूरच्या बाजारात उभी राहणार आहे. ते नाही म्हणतील. मी त्यांचा हात धरून नेईन आणि तो सगळ्यांना दाखवीन. आईला काय वाटायचं ते वाटो. तुला माफ करायला किंवा तुझ्याशी भांडायला मी लिहायला बसले नाही. भागूचं पोर त्या झोळीत झोपलं होतं, म्हणून लिहिलं.

तुझीच,
आक्का