मला इथं घरासारखं वाटतं

१४ जुलै
नांदेडला पोचले. लातूरहून निघताना पप्पा म्हणाले, मेडिकलला नंबर नाही लागला तर काय झालं, पत्रकारितेतही नाव होतं. लातुरात राहून नंबर न लागलेल्या पोरीकडे गल्ली कशी बघते ते मला विचारा. पण आज मी खूश आहे. गोदातीर विद्यापीठ नवंकोरं, खासगी. इमारतीपेक्षा गेट मोठं. मला लगेच सोशल मीडिया कक्षात घेतलं. विद्यार्थ्यांनीच विद्यार्थ्यांच्या रील करायच्या. कक्षप्रमुख संगमेश्वर सर. त्यांना वाटतं, उभा व्हिडिओ म्हणजे उभं राहून काढलेला. खोलीतली तनुजा निलंग्याची, भलती बडबडी. आल्या आल्या घरच्या धपाट्यांचा डबा पुढं केला. धपाटे मात्र झकास होते.

१८ जुलै
कक्षाचा नियम: चांगलं बोलणं तेवढं ठेवायचं. फोन एकच आणि त्याची मेमरी कायम भरलेली, म्हणून रील चढली की मूळ चित्रण त्याच संध्याकाळी उडवायचं. आज किल्लारीकडच्या अश्वजितला कॅमेऱ्यापुढं उभं केलं. गडी बोलतो की दळण दळतो! लॅब बंद हाय, कुणी शिकवायला येत न्हाई, लई तरास हाय. शेवटी दमून म्हणाला, एकच सर हायत, ते खूप मदत करतात. मी कात्री लावली. उरलं ते ‘सर खूप मदत करतात’. संगमेश्वर सर म्हणाले, पोरगं चांगलं बोलतं की! म्हणे पोरगं बोलतं. मी बोलतं केलं म्हणून बोलतं.

२४ जुलै
आज तनुजाची रील. नळाला पाणी न्हाई, वरणात डाळ हुडकावी लागते, आईची लई आठवण येते, पण पोरी चांगल्या हायत म्हणून मला इथं घरासारखं वाटतं, न्हाईतर कवाच पळाले असते. मागचं-पुढचं छाटलं. ‘इथं’नंतर अडखळली होती, तेही काढलं. एरवी गावंढळ, माझ्या हातून माणसांत आली. अश्वजित कॅन्टीनमध्ये भेटला. विचारलं, लॅब उघडली का? म्हणाला, सर खूप मदत करतात. चहा घेणार का? सर खूप मदत करतात. चार लाइक मिळाले की अशा लोकांच्या डोक्यात हवा जाते.

२६ जुलै
तनुजा कालपासून एकच वाक्य बोलते. वाटलं, माझी टिंगल करतेय. तेवढी अक्कल तिला असेल असं वाटलं नव्हतं. मग तिच्या आईचा, केवळाकाकूंचा फोन आला. पोळ्याला येतीस का गं? तनुजा म्हणाली, मला इथं घरासारखं वाटतं. जेवलीस का? मला इथं घरासारखं वाटतं. आणि दर वेळी ‘इथं’नंतर तिची मान डावीकडून उजवीकडे गेली. वळली नाही. आधी इकडे होती, मग तिकडे. मी तिथंच कापलं होतं. बोलताना तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं.

२७ जुलै
मूळ चित्रण कुठंच नाही. मीच उडवलं. सरांना सगळं सांगितलं तर हसले, म्हणाले, लाइक बघ किती आलेत. बैल कुठला. मग मी ती रील डिलीट केली. वाटलं, सुटेल. खोलीवर आले तर तनुजा तोंड उघडते, मिटते. आवाजच नाही. ते एक वाक्य होतं, तेही — तेही माझ्यामुळंच गेलं.

२८ जुलै
केवळाकाकू एसटीनं आल्या. लेकीचे गाल धरून एकच विचारणं, बोल की गं माय, काय झालंय तुला? मला बघवेना. मला भीती वाटतेय. उद्या काकूंना सगळं सांगायचं, मग काय व्हायचं ते होवो.
सरांनी आत्ताच माझी रील चढवली. कक्षाची ओळख म्हणून मी परवा भरपूर बोलले होते. स्वतः कापली म्हणे. त्यांना काय कापता येतंय — मी बघितली नाही. बघणार नाही.

२९ जुलै
काकूंपुढं गेले. तोंड उघडलं. निघालं ते — मला इथं खूप मजा येते.
काकू बघतच राहिल्या. पुन्हा सांगायला गेले. हात जोडले, रडत होते — मला इथं खूप मजा येते.
काकूंनी थोबाडीत दिली. बरं केलं.
लिहिता येतंय अजून.

२९, दुपार
काकू, एसटी सुटायच्या आत हे वाचा. तनुजाला वेड लागलं नाही. तिला कुठल्या बाबाकडे नेऊ नका — तिचं बोलणं मी कापलं. मीच. तिला गावंढळ समजून — तिला ऐकू येतं, सगळं कळतं, तुम्ही तिच्याशी बोलत राहा — अश्वजितच्या घरीही कुणीतरी — आणि माझ्या पप्पांना फोन करा, लगेच या म्हणावं, म्हणावं तुमची पोरगी — मला इथं — नाही, पप्पा, मला इथून — मला इथं खूप मजा ये