छत्रीवाल्या डॉक्टरांना पलीकडे नेताना

३ जून

ती. आत्यास,
शि. सा. न.

क्वार्टर बरी आहे. खिडकीतून ऑफिसची पाण्याची टाकी दिसते, शेजारी एक गृहस्थ ट्रम्पेट शिकतात, बाकी सुख आहे.

खरी बातमी ही की, मला भूतकाळात पाठवायची फाइल मंजूर झाली. एका माणसाला मरणातून वाचवायचं, आणि तो मी निवडायचा. छत्रीवाले डॉक्टर! एवढे राजे, सेनापती सोडून हेच का, असं साहेबांनी विचारलं. घशाच्या तापावरचं त्यांचं औषध अर्धवट राहिलं म्हणून, असं मी म्हणालो. त्याच तापाने तुझी मुलगी गेली, हे काही सांगितलं नाही. ताईला मी पाहिलंसुद्धा नाही, पण तिच्याच पलंगावर वाढलो.

तू जन्मभर इतिहास शिकवलास. डॉक्टर नेमके कसे गेले ते लिही. इतिहास बदलला की जुनं फक्त जाणाऱ्यालाच आठवतं. त्याच्या पिशवीतलं तेवढं तसंच राहतं, म्हणून तुझी पत्रं पिशवीत ठेवीन.

तुझा,
बाळ


९ जून

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसले.

डॉक्टर रोगी पाहायला निघाले होते. नदीला पूर, लहानशी नाव, त्यात यांनी उघडली छत्री. वाऱ्याने नाव उलटली. पुस्तकात चित्र आहे, मुलं त्याला हटकून मिशा काढायची.

ताई गेल्यावर घर खायला उठलं होतं, म्हणून तुला तुझ्या मामांच्या हातून हिसकावून आणलं. आता ती आली तर दोघं भांडाल. सोडवायला जोर उरलेला नाही, पण सोडवीन. स्वेटर ने.

तुझी,
आत्या


२० जून

ती. आत्यास,
शि. सा. न.

जाऊन आलो. नावेची वल्ही लपवली. डॉक्टर काठावर चरफडत होते, ते पाहून निर्धास्त परतलो. पण बाजारात औषध नाही ते नाहीच. तुझं मागचं पत्र सोबत पाठवतो. आता ते कसे गेले? ताईची तसबीर भिंतीवर आहे का?

तुझा गोंधळलेला,
बाळ


२७ जून

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझी तब्येत बरी आहे ना? कसली नाव? डॉक्टर घोड्यावरून वरच्या पुलाने निघाले आणि घोडा बुजून पडले, हे शेंबडं पोरही सांगेल.

तू पाठवलेलं पत्र मी लिहिलेलंच नाही, परत पाठवते. अक्षर मात्र माझं, आणि मिशांचंही खरं. शेजारच्या कंपाउंडरना दाखवलं, तर त्यांनी मलाच टॉनिक दिलं. भ्रम तुला झालाय की मला, तेवढं कळव.

तसबीर आहे तिथेच आहे. आजच पुसली.

तुझी,
आत्या


८ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न.

घोडा सोडून दिला, तर डॉक्टर चालत पाण्यात शिरले आणि वाहून गेले. या वेळी मी मागे थांबून काठावरच्या धर्मशाळेवाल्याला विचारलं. पलीकडे एक पोर तापाने घुसमटत होतं आणि डॉक्टरांनी त्याच्या आईला शब्द दिला होता.

म्हणजे मी त्यांना अडवत होतो, आणि अडवलं की ते मरत होते. आता मीच त्यांना पलीकडे नेणार. मोठी नाव, कसलेले नावाडी, आणि छत्री माझ्या काखेत.

तुझा,
बाळ


१५ जुलै

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

निम्मं कळलं नाही. डॉक्टर पाण्यात चालत गेले, हे ठाऊकच आहे. नाव न् घोडा कुठून काढलास? तू त्यांच्याबरोबर नदी ओलांडणार, एवढं मात्र कळलं. तुला पोहता येत नाही. ताईला आणायला जाऊन तूच गेलास, तर मी कुणाच्या तोंडाकडे पाहायचं?

जा, पण परत ये.

तुझी,
आत्या


२ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न.

पोचवले! छत्रीसाठी वाटभर शिव्या खाल्ल्या. पोर वाचलं आणि डॉक्टर चांगले म्हातारे होऊन गेले. आज औषधाच्या दुकानात घशाच्या तापाची बाटली खोकल्याच्या गोळ्यांशेजारी ठेवलेली दिसली. दुकानदाराने काय हवं विचारलं, तर मी ती बाटलीच विकत घेतली.

तुझी सगळी पत्रं सोबत आहेत. आत्या, ताई कशी आहे? लगेच लिही.

तुझा,
बाळ


१० ऑगस्ट

मायना काय लिहावा कळत नाही. भावाचा मुलगा म्हणून चि. लिहिते आणि आशीर्वाद देते.

तुझे आईवडील गेले आणि मामांनी तुला दूर नेलं, तेव्हा तू रांगत होतास. त्यानंतर आज पहिल्यांदा तुझी खबर. आणि पत्रात असं लिहितोस, जणू मीच तुला वाढवलं!

माझी मुलगी मेली, हे वाचून संताप आला होता. पत्रं फाडणारच होते. ती इथे धडधाकट आहे, शाळेत शिकवते, आवाज गल्लीभर ऐकू येतो. पण तिनेच ती पत्रं हातातून काढून घेतली आणि वाचली. म्हणाली, आई, अक्षर तुझंच आहे, आणि हे लिहिणारीचा या मुलावर फार जीव आहे. मग मीही पुन्हा वाचली. मी कोणासाठी रडले, ते मला ठाऊक नाही.

तुला खरंच पोहता येत नाही का?

एकदा ये. घर सापडायला अवघड नाही. टपालपेटीजवळ डावीकडे वळ, हिरवं फाटक. जिन्यात अंधार असतो, कठडा धरून चढ. बेल बिघडली आहे, दार वाजव. मला ऐकू कमी येतं, पण ताई उघडेल.

तुझी,
आत्या